एकसष्टीचा हिशेब

चाळीसगावकराला आकड्याचं भय कधीच नव्हतं. गावाच्या नावातच चाळीस घेऊन जन्मलेल्या माणसाला आणखी दोन-चार आकड्यांनी काय फरक पडणार? 'ही चाळीस गावं कोणती हो?' असं एखाद्या पाहुण्याने विचारलंच, तर आम्ही बोटं मोजत सहा-सात नावं घेतो, आणि बाकीच्यांची पाळी येईपर्यंत चहा येतो. पाहुणाही शहाणा असतो. तो कप उचलतो आणि विषय सोडतो.

मोठे आकडे तर हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतात. मोबाइलचे दहा, आधारचे बारा, वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकाचे आणखी बारा. बँकेच्या खात्याचा नंबर इतका लांब, की तो लिहिताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून 'एमएच १९'च्या पुढचे चार आकडे जादा पैसे भरून घेणारे लोक आमच्या जिल्ह्यात आहेत. पुढे हप्ते थकून तीच गाडी फायनान्सवाला ओढून नेतो, तेव्हाही बेरीज नऊच असते.

या सगळ्या आकड्यांत एक खोट आहे. ते कुणीतरी वाटलेले असतात. खिडकीपलीकडच्या माणसाने दिले, आपण घेतले. तुमच्या मोबाइल नंबराचा वर्ग केला तर काहीही निघत नाही. आधारच्या आकड्याला सातने भाग गेला काय आणि न गेला काय, रेशन तेवढंच मिळतं. या आकड्यांना स्वतःचा स्वभाव म्हणून नसतो. आज मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो आकडा या जातीचा नाही. तो कुणी दिलेला नाही, सापडलेला आहे, आणि त्याचं आमच्या तालुक्याशी जुनं नातं आहे.

हा तो आकडा : १७६६३१९०४९. एक अब्ज, शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार, एकोणपन्नास. दहा आकडे मोजून काही वाचकांनी एव्हाना मोबाइल काढला असेल. लावू नका. आपल्याकडचे मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात. हा एकने सुरू होतो. शिवाय हा ज्यांचा, ते फोन उचलण्याच्या पलीकडे गेले त्याला आठशे वर्षं झाली.

ते म्हणजे भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' लिहून मोकळे झाले. 'लीलावती' आणि 'बीजगणित' ही नावं तेव्हापासून चालत आली आहेत. ते मूळचे कुठले यावर विद्वानांत वाद आहे. त्यांनी स्वतः सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून बीड, विजापूर असे अनेक जण त्यांना आपापल्या गावच्या मतदारयादीत घालू पाहतात. आम्ही या भांडणात फार पडत नाही. आमच्याकडे दगड आहे.

चाळीसगावपासून पंधरा-अठरा किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण आहे. लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. नवरात्रात तिथे चंडिकादेवीच्या दर्शनाला अख्खा खान्देश लोटतो. नारळ, ओटी, रांग, धक्काबुक्की, हरवलेली चप्पल, सगळं यथासांग होतं. या पाटणच्या देवळात एक शिलालेख होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांच्या जगापुढे आणला. लेख १२०७ सालचा. त्यात भास्कराचार्यांची आधीच्या पिढ्यांपासूनची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेख बहुतेक संस्कृतात आहे. शेवटी पैशाचा विषय निघाला तसा तो चटकन मराठीवर आला. मुद्द्याचं बोलणं आपल्या भाषेत करायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

त्या मराठी ओळींत काय आहे? मठाचा खर्च कसा भागायचा ते आहे. पाटणच्या बाजारात माल विकला गेला की त्यावरचा सरकारी हक्क मठाला. जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्यांमागे एकेक पळी तेल मठाला. माप करायचं ते मठाच्याच मापाने, आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाड्याचा. आज बाजार समितीत हमाल, मापाडी आणि आडते यांच्यात ज्या गोष्टीवरून आवाज चढतो, ती पाटणला १२०७ साली दगडावर कोरून मिटवलेली होती. आणि हा सगळा बंदोबस्त कशासाठी, तर कुणीतरी बसून गणित शिकावं म्हणून.

आता त्या मठात शिकणाऱ्या एखाद्या पोराच्या पाटीवर 'बीजगणिता'तलं कोणतं उदाहरण येत असेल? भास्कराचार्य त्यात विचारतात : मित्रा, असा कोणता वर्ग आहे, ज्याला ६७ने गुणून एक मिळवला की पुन्हा वर्गच होतो? आणि ६१ने गुणून एक मिळवला की वर्ग होतो, असा कोणता? 'मित्रा' असं म्हणून हे विचारतात. असे मित्र असले की शत्रूंसाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही.

प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. आधी आमच्या गावापुरतं, म्हणजे चाळीसचं करून पाहू. तीनचा वर्ग नऊ, नऊ गुणिले चाळीस तीनशे साठ, त्यात एक मिळवला की तीनशे एकसष्ट, आणि तो एकोणिसाचा वर्ग. संपलं. चाळीस हा सरळमार्गी आकडा आहे, गावाला शोभेल असा. साठही तसाच. चारचा वर्ग सोळा, साठने गुणून नऊशे साठ, आणि एक मिळवला की एकतीसचा वर्ग. बासष्टला आठ आणि त्रेसष्ट पुरतात. त्रेसष्टने तर कमाल केली आहे. एकाचा वर्ग घ्या, त्रेसष्टने गुणा, एक मिळवा, चौसष्ट, म्हणजे आठचा वर्ग. हे पहिलीतलं पोर करेल.

साठ सरळ, बासष्ट सरळ, त्रेसष्ट तर बाळबोध. मध्ये बसलेल्या एकसष्टाकडून कोण कशाची अपेक्षा करेल? म्हणून आपण निर्धास्तपणे एकचा वर्ग घेतो, दोनचा घेतो, तीनचा घेतो. जमत नाही. दहापर्यंत जातो, शंभरापर्यंत जातो. हजार झाले, लाख झाले, तरी नाही. गाडीत खिडकीशी गप्प बसलेला एखादा सज्जन पाचोऱ्यापर्यंत तोंड उघडत नाही. आपण 'आपण कुठले?' एवढंच विचारतो आणि तो भुसावळपर्यंत सात पिढ्या सांगतो. एकसष्टाचं तसंच आहे. तो पहिल्यांदा 'हो' म्हणतो तो बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशीला. त्या २२६१५३९८०चा वर्ग करा, एकसष्टने गुणा, एक मिळवा, आणि जी संख्या येईल ती आपल्या १७६६३१९०४९चा वर्ग असते. याच्याहून लहान उत्तर नाही. ही दोघं म्हणजे सर्वांत धाकटी जोडी.

आपल्याकडे साठी झाली की 'बुद्धी नाठी' म्हणतात आणि मग लगेच एकसष्टी थाटात साजरी करतात. हा क्रम कुणी ठरवला ठाऊक नाही, पण त्याला गणित येत असावं. साठीला एकतीसवर भागतं. खरी अक्कल लागते ती एकसष्टीला.

हे उत्तर भास्कराचार्यांनी एकेक संख्या तपासत काढलं असेल असं कुणी समजू नये. सेकंदाला एक या वेगाने न झोपता तपासलं तरी बावीस कोटींना सात वर्षं लागतात. त्यांच्याकडे 'चक्रवाल' नावाची रीत होती. तिचा पाया ब्रह्मगुप्ताने ६२८ साली घातला, जयदेवाने ती पुढे नेली, भास्कराचार्यांनी ती घोटून घोटून लखलखीत केली. एकसष्टापुरती ती एका वहीच्या पानात मावते. आठचा वर्ग चौसष्ट, म्हणजे एकसष्टापेक्षा तीन जास्त. या तिनाला धरून एक फेरी मारली की ३९ आणि ५ हाती लागतात : ३९चा वर्ग १५२१, आणि पाचाच्या वर्गाची एकसष्ट पट १५२५. आता चार कमी. इथे ब्रह्मगुप्ताची युक्ती लावायची, की एकदम २९७१८ आणि ३८०५ येतात. २९७१८चा वर्ग ८८,३१,५९,५२४. ३८०५च्या वर्गाची एकसष्ट पट ८८,३१,५९,५२५.

बघा, अठ्ठ्याऐंशी कोटींच्या हिशेबात एक कमी पडला. आपल्याला एक जास्त हवा होता. कोणत्याही दुकानात या क्षणी 'राहू द्या शेठ, एकाने काय होतं' म्हणून वही मिटली असती. पण गणितात सूट देण्याचा अधिकार शेठलाही नसतो. मग भास्कराचार्य काय करतात? एका उण्याला एका उण्याशीच गुणतात. उणे गुणिले उणे अधिक, हे आपल्यालाही शाळेत घोकवलंय. त्याचा एवढा उपयोग होईल असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या गुणाकारातून हवी ती जोडी बाहेर पडते. वरच्या दोन अठ्ठ्याऐंशी कोट्यांची बेरीज करून पाहा : १,७६,६३,१९,०४९. आणि २९७१८ गुणिले ३८०५, त्याची दुप्पट : २२,६१,५३,९८०. काम फत्ते.

हिशेब बरोबर आला की नाही हे ताडून पाहायला मी दुकानातलं बारा आकडी कॅल्क्युलेटर घेतलं. त्याने वर्ग म्हणताच कोपऱ्यात 'ई' दाखवून हात वर केले. मग भाच्याने लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये त्याने ऐटीत सूत्र घातलं : मोठ्याचा वर्ग, वजा धाकट्याच्या वर्गाची एकसष्ट पट. उत्तर यायला हवं होतं एक. आलं शून्य. 'मामा, तुमच्या भास्कराचार्यांचं चुकलं,' भाचा म्हणाला. चुकलं नव्हतं. एक्सेल संख्येतले पहिले पंधरा आकडे लक्षात ठेवतं, पुढचे गाळतं, आणि हा वर्ग आहे एकोणीस आकडी : ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. 'लीलावती'त संख्यांच्या स्थानांची जी यादी आहे ती परार्धावर थांबते. हा वर्ग एकतीस परार्धांच्याही पलीकडे जातो. ज्या एकासाठी एवढी यातायात केली तो एक त्या शेवटच्या आकड्यात बसला होता, आणि तोच यंत्राने खाल्ला. शेवटी मी आणि भाच्याने कागदावर गुणाकार मांडला. हातचे धरत धरत दोन कागद संपले, पण एक जागेवर सापडला. भाच्याने तो एक तीनदा तपासला. त्याचा विश्वास माझ्यावर नव्हता आणि लॅपटॉपवरचाही उडाला होता.

या दोन संख्यांचे स्वभावही एकाच घरातल्या दोघांसारखे वेगवेगळे निघतात. धाकटी मनमिळाऊ आहे. तिच्या अंकांची बेरीज छत्तीस, आणि तिला छत्तीसने नि:शेष भाग जातो. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला 'हर्षद' म्हणायचं, हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं. मनमाड-नाशिकच्या पुढे आमच्याच रेल्वेमार्गावर देवळालीला हे गृहस्थ शाळेत शिकवत. ६१७४ या संख्येला आज जग त्यांच्या नावाने 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखतं. चाळीसही हर्षद आहे बरं का. चार अधिक शून्य चार, आणि चाळीसला चारने भाग जातो. ही बातमी नगरपालिकेला कळवली तर वेशीवर फलक लागेल, म्हणून कळवलेली नाही.

थोरली तशी नाही. तिच्या अंकांची बेरीज सेहेचाळीस. ती स्वतः विषम, म्हणजे सेहेचाळीसने भाग जायचा प्रश्नच मिटला. दोन, तीन, पाच, सात, कुणालाच ती दाद देत नाही. तिच्याकडे पाहून कुणालाही वाटावं की ही मूळ संख्या असणार, हिला कुणाचाच भाग जायचा नाही. पण ११ने भागून पाहा. बरोबर १६०५७४४५९ येतात, बाकी शून्य. एवढा तोरा मिरवणाऱ्यालाही भागणारा कुणीतरी निघतोच. आणि त्याला शोधायला अकराच्या पुढेही जावं लागत नाही.

पुढची हकीकत युरोपातली आहे. भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्समधल्या फेर्मा नावाच्या न्यायाधीशाने आपल्या गणिती मित्रांना आव्हान म्हणून हाच प्रश्न टाकला. आणि आकडा कोणता, तर तोच, एकसष्ट! फार त्रास होऊ नये म्हणून लहान आकडे निवडलेत, अशा अर्थाचं वर पत्रात लिहिलं. तेव्हा मित्राला छळायची रीत पाटण आणि तुलूझ इथे सारखीच होती. इंग्लंडमधल्या लॉर्ड ब्राउंकर यांनी या प्रश्नाची रीत शोधली, वॉलिस यांनी ती मांडली, लाग्रांज यांनी पुढे सगळं सिद्ध करून दाखवलं. आणि समीकरणाला नाव कुणाचं? पेल यांचं. पेल यांचा या प्रकरणाशी जवळजवळ काही संबंध नव्हता. ऑयलर यांच्या गैरसमजातून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. फलकावरचं नाव आणि काम केलेला माणूस यांची गाठ पडलीच पाहिजे अशी सक्ती कोणत्याच देशात नसते.

हे सगळं मी चौकातल्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारला : "काय उपेग शे त्याना, भो?"

हा प्रश्न गणिताला सगळीकडे विचारतात, आणि गणितवाले घाईघाईने उपग्रह, संगणक, बँकेची गुप्त कुलपं असली नावं घेतात. मला तो मोह झाला होता. पण एकसष्टाच्या या उत्तराने खरोखरच कापसाचा भाव वाढत नाही आणि गिरणेला पाणी येत नाही. उपयोग विचाराल तर मोबाइल नंबराचा जास्त आहे. फरक एवढाच, की मोबाइल नंबर तुम्ही रिचार्ज केला नाही तर कंपनी काढून दुसऱ्याला देते. १७६६३१९०४९ कुणाला काढून घेता येत नाही. यादवांचं राज्य गेलं, पाटणचा मठ गेला, घाणे गेले, पळी गेली; एकसष्टाचं उत्तर एका अंकानेही हललं नाही. फेर्माला काय, ब्राउंकरला काय आणि माझ्या भाच्याला काय, सगळ्यांना तेच सापडलं.

आणि उपयोग न विचारता पळीभर तेल देणारी माणसं याच तालुक्यात होऊन गेली. घाण्यावर बैल फिरवणाऱ्या माणसाला चक्रवाल कळत असेल असं वाटत नाही. राजाने लावून दिलं म्हणूनही त्याने तेल दिलं असेल, कुरकुरतही दिलं असेल. पण त्याच्या तेलावर मठात कुणीतरी एकसष्टाशी झटत बसलं होतं. शिक्षणावरचा खर्च म्हणजे काय, याचा इतका नेमका आकडा त्यानंतरच्या एकाही अंदाजपत्रकात मला सापडलेला नाही : दर घाण्यामागे एक पळी.

तेव्हा नवरात्रात पाटणादेवीला जाल तेव्हा दर्शनाच्या रांगेत वेळ भरपूर असतो. खिशात एक कागद आणि पेन्सिल ठेवा. मोबाइल काढू नका. चाळीस, साठ, बासष्ट करून पाहा. रांग देवळाच्या पायरीपर्यंत पोचायच्या आत होतील. मग एकसष्ट घ्या. तेही जमलं आणि अंगात रग उरली असेल, तर फेर्माने त्याच पत्रात आणखी एक आकडा दिला होता : १०९. त्याचं उत्तर पंधरा आकडी आहे, ते मी इथे देत नाही. ब्रह्मगुप्ताने आपल्या एका उदाहरणाबद्दल लिहून ठेवलंय, की हे जो एका वर्षात सोडवेल तो गणिती. तेवढी मुदत तुम्हालाही आहे.